दोन्ही बाजूंनी

वॉशिंग्टनमधली ती इमारत. मोठी माणसं सातव्या मजल्यावर,
मी चौथ्यावर, झेरॉक्सच्या खोलीला लागून.
माझ्या टेबलाला एका देशाचं नाव आहे.
त्या देशात मी राहिले एकूण अकरा दिवस,
त्यातले दोन तापात.
तरी बैठकीत कुणी विचारलं, तिथे काय चाललंय,
की सगळ्या माना माझ्याकडे वळतात,
दिवे गेल्यावर फ्यूजकडे वळाव्यात तशा.

मंगळवारी पहाटे दूतावासाची तार आली.
नदीपलीकडून तोफा. वरच्या गावातली एकतीस घरं.
खाली एर्मेकची टीप. तो तिथला दुभाषी, सतरा वर्षं नोकरीत:
'सुरुवात पलीकडून झाली. मी स्वतः पाहिलं.
मावशीकडे गेलो होतो, जर्दाळू उतरवायला.'

मी मसुदा लिहिला. सहा ओळी.
तिसरीत क्रियापद होतं, 'हल्ला केला',
आणि क्रियापदाला कर्ता होता.

मग कागद फिरायला निघाला.
पेंटागॉनहून वेन्डेल प्रूइटचा फोन. आवाज मऊ:
पलीकडच्यांच्या धावपट्टीवर आपली विमानं उतरतात, तुला माहीत आहेच.
कर्ता जरा मागे घेता येईल?
मी कर्मणी केलं. 'हल्ला केला गेला.'
कायदेवाले म्हणाले, 'हल्ला' या शब्दाला शेपूट असतं,
उद्या तो मदतीच्या कलमात अडकेल. 'घटना' लिही.
मानवी हक्कांची ओडालिस दारात उभी राहून भांडली,
तिला 'गंभीर चिंता' हवी होती.
शेवटी 'चिंता' मिळाली, 'गंभीर' पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलं.
(आमच्याकडे चिंतेच्या पायऱ्या आहेत. वरची पायरी लवकर वापरली
तर पुढे उभं राहायला जागा उरत नाही.
हे मला पहिल्या वर्षी शिकवलं, आणि खरं सांगते, ते पटलंही.)
एका सिनेटरच्या कचेरीतून सव्वीस वर्षांचा मुलगा बोलला:
साहेबांच्या राज्यातली कंपनी तिथे धरण बांधतेय,
नदीचा उल्लेख नको.
व्हाइट हाउसचं उत्तर सर्वात आखूड:
आज दुसरा विषय आहे.

चौदा सह्या. संध्याकाळी पाच वाजता उरलं ते असं:
'दोन्ही बाजूंनी संयमाने वागावे.'
भावे प्रयोग. क्रियापद कर्त्याचं ऐकत नाही, कर्माचंही नाही,
नपुंसकलिंगी, एकवचनी, कुणाच्याच ओळखीचं नाही.
वाक्य निर्दोष होतं. माझ्या वरिष्ठांनी
पाठीवर थाप मारली. थाप खरी होती.

प्रवक्त्याने ते वाचलं चार सेकंदांत.
एकाही पत्रकाराचा हात वर गेला नाही.
तिकडे तेव्हा पहाटेचे तीन.
एर्मेकने ते आपल्या भाषेत आणलं, नियमाप्रमाणे,
एक शब्द इकडे नाही, एक तिकडे नाही,
आणि सकाळी शाळेच्या पटांगणातल्या तंबूत
मावशीला वाचून दाखवलं, तिने हट्ट धरला म्हणून.

त्याने मला लिहिलं, खाजगीत, टायपिंगच्या चुकांसकट:
'मावशीने तीनदा वाचायला लावलं.
मग विचारलं, बाजू म्हणजे भिंत का?
माझ्या घराची उत्तरेकडची तेवढी उभी आहे.
दुसरी कुठली, ते त्यांना विचार.
मी म्हटलं, विचारतो.
म्हणून विचारतोय.'

त्या पत्राला उत्तर द्यायचं
तर तेही मंजुरीला पाठवावं लागतं.
मी मसुदा केला. 'प्रिय एर्मेक' इथपर्यंत
कुणाचीच हरकत नसावी.

बुधवार. सव्वाआठ. यंत्रातली कॉफी पुन्हा करपलेली.
वेन्डेलचा निरोप: कालचं छान झालं, आभार.
कागदपत्रांखाली एक पाकीट, महिन्यापूर्वीच्या टपालातलं,
वाळवलेले जर्दाळू, तिथल्याच कुणीतरी पाठवलेले.
भेटवस्तूंच्या नोंदवहीत मी लिहिलं होतं:
'फळे. किंमत नगण्य.'
एक तोंडात टाकलं.
बी काढायची राहून गेली होती.