जून पाला

दर पाच तारखेला मी तुर्कवेलच्या कोरड्या पात्रात उतरतो,
कागदी पिशव्या, काट्यांनी फाटलेली बाही,
आणि वाऱ्यात खोटं बोलणारा एक ताणकाटा.

झाडं अरूपेच्या घराण्याची, बावीस.
पाणी इथे कुणाचंच नाही, सावली तिची.
विचारल्याशिवाय मी पान तोडत नाही.

जूनमध्ये कोवळा होता तो पाला
डिसेंबरात जून झाला.
ती एक पान दाढेखाली धरते,
थुंकते.
"पंधरा दिवस. मग शेळ्या हुंगून पुढे जातील."

नैरोबीहून आकडे येतात तीन महिन्यांनी:
प्रथिनं उतरली, टॅनिन चढलं.
तोवर शेळ्या हुंगून पुढे गेलेल्या असतात.

मी कागद वाचून दाखवत होतो तेव्हा
ती आकडीची लांब काठी शोधत होती.
फांदी हलवली. शेंगा पडल्या,
पिळवटलेल्या, वाळक्या, खुळखुळत,
आणि कुठून कुठून करडं धावली.
माझ्या तक्त्यात शेंगांना रकानाच नाही.

एक पोतं तिने बाजूला बांधलं.
"ही ठिपक्यांची गाभण आहे," म्हणाली,
"आणि नातवाला अजून दात नाहीत."

चौदा नंबरच्या झाडाखाली
मीही एक पान चावलं.
जीभ आक्रसली, ओठ शिवल्यासारखे.
"सांग, किती दिवस?" तिने विचारलं.
मी अंदाजाने बोटं वर केली.
तिने त्यातली दोन
खाली दुमडली.