आजचा धरून

फरजाना मणेरच्या प्रॅक्टिकलच्या वहीत
आलेख कागदावर एक जिना आहे.
हडपसर गाडीतळ, सकाळचे सात पाच.
चाळीस दिवस तिने बसची वाट पाहिली
आणि पाहिलेली वाट मिनिटांत लिहून काढली.

त्याआधी वर्गात मी सांगून मोकळा झालो होतो :
वितरण फलन म्हणजे, क्षपर्यंत, क्ष धरून,
जेवढं होऊन गेलं असण्याची शक्यता, तेवढी उंची.
मागच्या बाकावरून ती म्हणाली,
रोजे मोजतो तसं का सर? आजचा धरून बारा?
हो, म्हटलं. आजचा धरून.
उजवीकडून सातत्य, उजवीकडून सातत्य,
एकवीस वर्षं घोकून घेत होतो मी पोरांकडून,
भरीव ठिपका इथे, पोकळ ठिपका तिथे,
ते एवढंसंच होतं.

शून्याच्या डावीकडे तिची रेघ जमिनीवर झोपलेली.
ती स्टॉपवर पोचण्याआधी सुटलेल्या बसचा
या वहीशी संबंध नाही.
शून्यावर एकदम उडी : चार दिवस बस आधीच उभी,
ड्रायव्हर खाली उतरून चहा फुंकत.
मग बारक्या बारक्या पायऱ्या,
कुठे एका दिवसाची, कुठे तिनांची.
पर्वती चढलात तर उतरावंही लागतं.
हा जिना उतरायचा नाही.
घडून गेलेलं हा परत करत नाही कुणाला,
फार तर थांबतो.

आठ मिनिटांपासून एकोणिसापर्यंत थांबलाय.
सपाट. आलेखाच्या मते तिथे काही घडत नाही.
समासात मात्र पेन्सिलने :
शेवंती पाव किलो चाळीस.
समोरच्या टपरीचं शटर आज अर्धंच वर.
पायात चप्पल दुसरीचीच, अम्मीची.

निम्म्या उंचीवर तिने आडवी पट्टी ठेवली,
जिथे लागली तिथून खाली आली : साडेसहा मिनिटं.
शेजारी लिहिलं, म्हणजे निम्मे दिवस मी नशीबवान.
हे वाक्य मी खोडलं नाही.

सत्ताविसावा दिवस.
मिनिटांच्या रकान्यात आकडा नाही.
आली नाही. चालत गेले.
मगरपट्ट्याच्या पुलापर्यंत मागे वळून पाहत होते.

त्यामुळे जिना एकोणचाळीस चाळीसांशावर संपला.
वर एकाची तुटक रेघ, आणि मध्ये बोटभर कागद, कोरा.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हिरव्या शाईत लिहिलं,
अंती मूल्य एक होणे आवश्यक. दोन गुण वजा.
चूक नव्हती त्यांची. व्याख्येत आहेच तसं,
अनंताकडे जाताना एक.
जे यायचं ते कधी ना कधी येतं,
असं गृहीत धरल्याशिवाय आमचा तास सुरूच होत नाही.
खाली मी सही केली.
पूर्ण नाव, तारीख, सगळं.

पुढच्या पुस्तकांत अशा फलनालाही जागा आहे,
सदोष म्हणतात त्याला.
हा शब्द मला अजून फळ्यावर लिहवत नाही.

दरवर्षी जुलैत नवीन वर्ग येतो.
मी शून्यापासून रेघ काढत नेतो,
ती चढते, थांबते, चढते,
आणि एकाच्या खाली बोटभर जागा सोडून
खडू उचलतो.
सर, राहिलं वर, कुणीतरी म्हणतंच.
राहू दे, म्हणतो.
तिथून एक मुलगी चालत गेली.