पश्चिमेची भिंत

किनवटात उन्हाळा पश्चिमेकडून घरात शिरतो.
चारला तापलेल्या विटा
रात्री दोनपर्यंत धुमसत राहतात.
ड्यूटीवरून आले की भिंतीला पाठ टेकता येत नसे.
म्हटलं, बाहेरून लाकूड लावू.
शेजारचे गंपलवार हसले :
"सिस्टर, लाकूड दाराला, खाटेला, नाहीतर सरणाला.
भिंतीला काहून?"

मैनोद्दीन मिस्त्री हसला नाही.
आरा मशीनवर घेऊन गेला,
आधी डेपोची पावती बघितली, मग साग.
एकेका फळीला टिचकी मारायचा,
कान लावायचा, जसं आमचे डॉक्टर छातीला.
"हिचा नार पक्का.
ही ओली हाय, वर्षभर सावलीत झोपू द्या हिला.
अन् ही पांढरी,
ही वाळवीचा नाष्टा."

मला नेमकी तीच आवडली.
कडेला दुधाळ पट्टा,
मधे म्हशीच्या डोळ्याएवढी गाठ.
हीच, मी म्हटलं, खिडकीखाली.
त्यानं पेन्सिल कानामागून काढली,
फळीच्या पाठीवर काहीतरी लिहिलं,
परत खोचली.

जमिनीपासून वीतभर वर.
मागे बोटभर पोकळी,
"वॉर्डाला खिडक्या असतात का न्हाई?"
वरची फळी खालचीवर चढलेली,
पाणी घसरून जावं, आत वळू नये.
कापलेली टोकं आधी तेलात बुडवली,
लाकूड टोकानं पितं म्हणे.
खिळे पितळी. लोखंड सागाला काळं रडवतं.

दर दिवाळीआधी जवसाचं तेल,
जुन्या सुती साडीचे बोळे.
(बोळे वाळत घाला सुटे सुटे,
ढिगात आपोआप पेटतात,
हे त्यानं तीनदा सांगितलं.)
तिसऱ्या वर्षी डेंग्यूची साथ आली,
ना सुट्टी, ना दिवाळी.
भिंत राखाडी झाली,
हात फिरवला की तळव्यात कुसळ.
पुढच्या वर्षी घासली, तेल दाखवलं
तर दोन लिटर पिऊन बसली,
तापातून उठलेल्या पोरासारखी.

पाचव्या वर्षी मिस्त्री आला तो काठी टेकत.
शिडी चढला नाही.
काठीच्या टोकानं ठोकत गेला,
टण, टण, टण,
खिडकीखाली : भद.
"हे उतरवा."

उतरवलं. आत मातीच्या नळ्या,
गाठीच्या भोवती पोकळ भुसा.
पाठीवर पेन्सिलीची उर्दू अक्षरं, अजून शाबूत.
मी म्हटलं, वाचा.
त्यानं चष्मा पुसला, उगाच जास्त वेळ :
"सिस्टरच्या हट्टाची फळी. चार वर्षं."

पण पाच झाली की, मी म्हटलं.

तो नवी फळी उन्हात धरून
एका डोळ्यानं तिचा बाक बघत होता.
"एक तेलाचं,"
म्हणाला, आणि कानामागे
पेन्सिल चाचपू लागला.