हातचा

शाळा दोन खोल्यांची, शिक्षक दोघं.
त्यातले एक मतदारयादीच्या कामाला गेलेले,
म्हणजे पहिली ते चौथी मी एकटी
आणि फळ्यावर बेचाळीस वजा सतरा.

"दोनातून सात जात नाहीत,
म्हणून शेजारच्या चाराकडून हातचा उसना घ्यायचा."
बारा वर्षं हेच वाक्य म्हणत आलेय,
जिभेला पाठ आहे,
मला विचारायची गरज तिला पडत नाही.

शिवलीला तिसरीतली. घरी कन्नड, शाळेत गप्प.
अक्कलकोटच्या पुढं आमच्या बिरोबा वस्तीवर
निम्मी मुलं अशीच गप्प असतात.
त्या दिवशी ती उठली,
रिबिनीचं टोक चावत म्हणाली,
"बाई, उसनं घेतलेलं परत कवा द्यायचं?"

वर्गात कुणी हसलं नाही.
उसनवारी सगळ्यांच्याच घरची.
वाटीभर तेल, पिठाचा डबा,
आणि परत नाही गेलं की
शेजारची कडी कशी आतून लागते, तेही.

मी म्हणाले, "पुढच्या तासाला सांगते."
पुढचा तास परिसर अभ्यासाचा होता.

मोबाइलवरचं प्रशिक्षण मी पूर्ण केलंय.
पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर रेंज येते,
तिथं बसून सोळा व्हिडिओ, सोळा चाचण्या,
प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग चुकलेलं.
त्यात हा प्रश्न कुठंच नव्हता.

महिन्याची शिक्षण परिषद केंद्रशाळेत भरली.
घोडके साहेबांनी प्रोजेक्टर लावला,
"अध्ययन निष्पत्ती" एवढं भिंतीवर उमटलं
आणि लाइट गेली.
बावीस शिक्षक, एक जांभई, शेंगाचटणीचा वास.
अंधार होता म्हणून मी विचारू शकले.

कुणी म्हणालं, मुलांना एवढं खोलात नेऊ नये.
कुणी म्हणालं, हुशार दिसते पोरगी, स्कॉलरशिपला बसवा.
घोडके साहेब म्हणाले, "वरिष्ठांना विचारतो."

जरीना मुजावर मॅडम, येत्या मेमध्ये निवृत्त,
बोलल्या नाहीत, उठून बाहेर गेल्या.
कुंपणापलीकडे कुणाची तरी कडब्याची गंज होती.
मूठभर चिपाडं आणली, बोटाएवढी मोडली,
दहा-दहाच्या पेंढ्या बांधल्या सुतळीनं,
चार पेंढ्या, दोन सुटी.

"आता सात काढ," मला म्हणाल्या.
माझा हात पेंढीवर थांबला.
"सोड की गं. कुणाचं उसनं घेतेस?
तुझीच पेंढी, तूच बांधलेली.
मीपण वीस वर्षं उसनंच शिकवलं.
मग एकदा एका पोरानं मला असंच गाठलं."

बावीस जण टेबलाभोवती उभे,
मुलांसारखे, एकमेकांच्या खांद्यावरून बघत.
लाइट आली तेव्हा
प्रोजेक्टर कुणीच पुन्हा लावला नाही.

सोमवारी शिवलीलासमोर चार पेंढ्या ठेवल्या.
तिनं एक सोडली,
सुटी मोजली, पुन्हा मोजली,
मग माझ्याकडं बघत, घरच्या आवाजात:
"हातचा अंद्रे हत्तु?"

हत्तु म्हणजे दहा.
एवढं कन्नड मला बाजारात येतं.
आणि बारा वर्षं माझा प्रत्येक "हातचा"
या मुलांच्या कानात दहा होऊनच पडत असणार,
मी मात्र त्याला उसना, उसना म्हणत
त्यांना दारोदार पाठवत राहिले.

"हो," म्हणाले. "हत्तु."
पाठीमागून तिघं-चौघं एकदम बोलायला लागले,
मला निम्मंच कळलं.
चौथीतल्या मल्लिनाथला बोलावून
उरलेलं समजावून घेतलं.

संध्याकाळी सातव्या पायरीवर बसून
मुजावर मॅडमना निरोप पाठवला.
बराच वेळ तो गोल गोल फिरत राहिला.

शाळा सुटताना पेंढ्या गोळा केल्या होत्या.
तीन बांधलेल्या, बारा सुटी.
सोडलेल्या पेंढीची सुतळी
शिवलीलाच्या मनगटाला गुंडाळलेली दिसली.
मी परत मागितली नाही.