सोळा सिलीपाट

मुंजाजी दुधाटेचा रनअप
सोळा सिलीपाट होता. पावलं नाही, सिलीपाट.
बाप फाटकावर. सेलूच्या अलीकडचं,
जिनिंगचे गाडे अडकून पडायचे, ते फाटक.
तिथून रुळात शिरून पळत यायचा
मीटरगेजचं लाकूड न् लाकूड मोजत,
आणि सोळाव्यावर हात फिरला की
खडीत ठिणगी उडायची म्हणतात.
ठिणगी मी नाही पाहिली.
माझ्याकडे पुरावा एवढाच: करंगळीशेजारचं हे बोट,
त्याला कीपिंग करताना मोडलेलं.
दुकानात काट्यावर माप टाकताना अजून
गिऱ्हाईक सोडून भलतीकडंच बघतं.

आमची मॅट काथ्याची. कडेनं खिळे,
एक मधेच, वर आलेला. तो मुंजाचा.
त्यावर बॉल पडला तर कुठं जाईल
ते दोघांनाच ठाऊक,
त्याला आणि माझ्या बोटाला.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात तार आली.
महाराष्ट्राच्या एका बॉलरचा घोटा गेलेला,
दुसऱ्याला कांजिण्या.
पोस्टमास्तरच्या पोराचे बूट मागून आणले, नऊ नंबर;
मुंजाला आठ लागायचा.
जिनिंगमधून कापूस आणून पुढं कोंबला.
बॅग मी धरली. रात्रभर एसटी.

पुण्याला विकेटवर गवत.
मुंजानं वाकून एक काडी उपटून पाहिली
तर पंच खेकसला.
मग तो मागं मोजत गेला, सोळा,
पण जमिनीचे सोळा वेगळे
आणि लाकडाचे वेगळे.
पहिला बॉल, नो.
दुसरा, नो.
पंचाचा हात आडवा
आमच्या फाटकासारखा,
आणि गाडी काही येईना.

सातव्या षटकाचा चौथा बॉल.
हे मी कुणालाही सांगतो, खत घ्यायला आलेल्यालाही.
बाहेर पडला, आत आला,
बॅट आणि पॅडच्या मधून गेला,
बेलवरून गेला, अंगठ्याएवढं अंतर,
आणि कीपरच्याही हाताखालून, थेट सीमेपार.
वहीत लिहिलं: बाय, चार.
स्टँडमध्ये माझं बोट ठणकलं.

विकेट मिळाली ती फुलटॉसवर.
पोट सुटलेल्या एका फलंदाजानं
मिडविकेटच्या पोटात मारला.
मुंजाला टाळी द्यायला कोण कोण आलं
त्यांची नावं त्याला माहीत नव्हती.

चौदा षटकं, एक निर्धाव, अठ्ठावन्न धावा, एक बळी.
नो-बॉल सहा.
दुसऱ्या डावात बॉल हातात दिलाच नाही.
फाइन लेगला उभा होता, मानेवर ऊन.
कुणीतरी कुंपणावरून विचारलं, गाव कोणतं?
सेलू.
कुठं आलं ते?
त्यानं हात केला. तिकडं भिंत होती.

पेपरात दुधाणे छापून आलं.
बापानं विचारलं, येताना एसटी वेळेवर होती का?
पुन्हा तार आली नाही.
एक वर्षभर पोस्टमन दिसला की
तो सायकलची चेन नीट करायला बसायचा.

मीटरगेज गेली, सिमेंटचे सिलीपाट आले.
जुन्या लाकडांचा लिलाव झाला
तेव्हा मुंजानं सोळा घेतले.
लोकांना वाटलं माळवद घालील, नाहीतर गोठा.
त्यानं अंगणात मांडून पाहिले.
अकराच बसले.
पाच भिंतीला टेकून उभे आहेत,
त्यांच्यावर धुणं वाळतं.

परवा गेलो होतो.
त्यानं ओट्यावरूनच एक मोसंबी फेकली,
डावीकडून आत येणारी,
आणि ती माझ्या हाताखालून मोरीत गेली.
काय बघायलास, म्हणाला.
मग बराच वेळ गप्प.
मग, सातव्या षटकाचा चौथा,
कामून सोडलास रे?

मी मैदानात नव्हतो, हे त्याला आठवत नाही.
मी म्हणालो, खाली राहिला रे जरा.
आणि बोट खिशात घातलं.