ढिली शिवण

सुभाषनगरात जिन्याखाली माझं दुकान.
आत मी, ऐरण, आणि बाभळीच्या सालीचा वास.
गिऱ्हाईक आलं की वासाला बाहेर बसावं लागतं.

शनिवारी नफिसा आली, शिकलगारांची,
उद्यमनगरातल्या लेथवाल्याची थोरली.
गाडी पळवते. रस्त्यावर पैजेनं नव्हे,
ट्रॅकवर, पाठीवर नंबर लावून.

पोत्यातून तिनं एक आख्खा माणूस काढला
आणि पाटावर पालथा घातला:
कातडी खांदे, कातडी गुडघे, पाठीवर कुबड.
उजवा खांदा खरवडलेला,
खवणीवर नारळ धरावा तसा.

"पडलो मामा. कोइमतूरला, तिसऱ्या वळणावर.
मला काय झालं नाही. ह्याला झालं."

मी दोऱ्याला मेण लावलं, आरी उचलली.
"तिथं घट्ट घालू नका," ती म्हणाली,
"आत पिशवी हाय. फुगली की चार बोटं जागा मागती.
नाही मिळाली तर मलाच आवळती."

चाळीस वर्षं मी घट्टच शिवत आलोय.
ढिल्या टाक्याला बाप
रापीच्या मुठीनं मारायचा, बोटांच्या पेरांवर.

म्हटलं, तिला कळतं कसं, तू पडलीस ते?

"मला कळायच्या आधी कळतं.
गाडी नुसती अडखळली तर गप बसती.
खरंच सुटली, की पापणी मिटायच्या आत
गळ्याभोवती, खांद्यावर, बरगड्यांवर,
सगळीकडं तीच."

मला आमचे वस्ताद आठवले.
नव्या पोराला चीत करताना
त्यांचा एक हात त्याच्या मानेखाली असायचा.
पोराला वाटायचं, मातीच मऊ आहे.
मलाही वाटायचं.
मग एकदा हौद्याबाहेर, फरशीवर पडलो.

जुने टाके उसवले. चुणीची पट्टी घातली,
तिच्यावरून कातडं,
ताणलं तर सरकेल, सोडलं तर बसेल असं.
तीन वेळा घट्ट झालं. तीन वेळा उसवलं.
हात ऐकेनात.

फुगवून दाखव की, म्हटलं.
हसली. "एका नळकांड्याच्या पैशात
तुमचे पाच कापशी जोड येतील."
तिनं सूट चढवला, हात वर केले,
मी खांद्याखाली बोटं घातली. चारही गेली.

माझ्या चपलेत मी विंचू घालतो.
पावलागणिक करकर,
गल्लीच्या तोंडाशी कळतं, कोण येतंय
आणि जोड कुणाच्या हातचा.
ही शिवण मात्र
कुणाला ऐकू यायची नाही.
न येवो.

"येतो मामा," म्हणून पोतं पाठीशी टाकून गेली.
बाहेर बसलेला वास आत आला.

वही काढली, लिहिलं:
खांदा, उजवा. शिवण ढिली.
पेरं उगीच ठणकली.
म्हणून खाली आणखी एक शब्द घातला:
मुद्दाम.