सपाट तळ

रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
एकतीस वर्षं मी फेरीबोटीचं चाक धरलं.
नऊ मिनिटं जायला, नऊ यायला,
मधली मिनिटं मोटारसायकली चढवण्याची.
जाताना डावीकडे खारफुटीत
खाडीचं एक तोंड उघडं असायचं.
रोज दिसायचं. रोज राहून जायचं.
फेरीबोटीला डावीकडे वळायची मुभा नसते.

आता निवृत्त. आता इनास आपली होडी विकतोय.
पंधरा फूट, तळ पाटासारखा सपाट,
रंग कधी काळी हिरवा.
बत्तीस हजार, वल्हं आणि नांगर धरून;
पोराच्या लिस्बनच्या तिकिटाला
तेवढेच कमी पडतायत म्हणे.

होडी चांगली आहे. म्हणजे असं,
ओहोटीला जिथे बगळ्याचा गुडघा बुडत नाही
तिथेही जाते. चिखलात बसली
तर बसून राहते, कुशीवर कलंडत नाही;
भरती येईस्तोवर माणसानं विडी ओढावी.
उभं राहून जाळं फेकता येतं,
आणि माझ्या गुडघ्यांना उभं राहणं
बसून उठण्यापेक्षा सोपं.
धक्का नको, जेटी नको,
मानशीच्या दारापाशी खुंटाला बांधली की झालं.

पण तळ सपाट म्हणजे कणा नाही.
वारा आडवा आला की
सरकारी कारकुनासारखी हो हो म्हणते
आणि भलतीकडेच जाते.
मांडवीतून खनिजाचा बार्ज गेला
की लाट तळावर सपकन थप्पड मारते,
दात वाजतात.
(माझे चारच उरलेत, पण वाजतात.)
शिवाय ती चौथी फळी.
इनास म्हणतो, पाण्यात फुगली की आपोआप बंद होते.
इनासला मी ओळखतो. फळीला नाही.

शशिकला न्हाणीघराच्या छपराकडे बघते
आणि काहीच म्हणत नाही.
पुंडलीक म्हणतो, घ्यायचीच तर कणा असलेली घे.
पुंडलीक वाळपईचा. त्याच्या दारात विहीर आहे.

वहीत मधोमध रेघ ओढली.
डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे.
उजवी बाजू भरली, पान उलटावं लागलं.
डाव्या बाजूला शेवटी
नुसतं ‘डावीकडे’ असं लिहिलं गेलं
आणि मीच ते बराच वेळ वाचत बसलो.

तळ्यात. मळ्यात.

खरं सांगायचं तर
फेरीबोटीचा तळही सपाटच होता.
त्यावरून नेली माणसं, गणपती, एकदा एक शवपेटी,
एकदा एक वरात,
नवरा अलीकडे अन् बेंडबाजा पलीकडे राहिलेली;
सगळं कण्याशिवाय नेलं.
वाहवत गेलो नाही
कारण इंजिन होतं आणि वेळापत्रक होतं.
आता दोन्ही सरकारजमा.

काल संध्याकाळी पुन्हा गेलो.
इनास बांधावर बसून खुबे निवडत होता.
मान वर न करताच म्हणाला,
‘घेता, काय फकत पळयता?’
पळयता म्हणजे पाहतोस. ठाऊक आहे,
जन्म कोकणीतच गेला.
पण शाळेच्या मराठीत मुरलेल्या कानाला
ते ‘पळतोस’ असंच लागलं.

मी काही बोललो नाही.
होडीत वीतभर पाणी साचलं होतं,
चौथ्या फळीचं.
चपला काढल्या, विजार दुमडली, आत उतरलो.
ती जरा हलली,
मग माझं वजन तिनं पुरतं अंगावर घेतलं.
रंगाचा कापलेला डबा तिथेच होता.
‘आधी हे पाणी तर काढू,’ म्हटलं
आणि उपसत राहिलो,
भरती लागेपर्यंत, दिवे लागेपर्यंत,
पलीकडे फेरीबोट माझ्याशिवाय
वेळेवर सुटेपर्यंत.